कुमारवयीन मनोरुग्णांचा व्यवसायोपचार आणि साहाय्यकाचे काम

‘व्यवसायोपचार’ हा शब्द मराठीत रूढ होऊन बराच काळ लोटला असला, तरी त्यातील पहिल्या पदाने होणारी दिशाभूल अद्याप संपलेली नाही. बोलीव्यवहारात व्यवसाय म्हणजे धंदा, उपजीविकेचे साधन. त्यामुळे मानसोपचार विभागातून मुलाला व्यवसायोपचाराकडे पाठविले की पालक साहजिकच विचारतात, येथे याला कोणता धंदा शिकविणार? आणि मग मुलगा कागद कापताना किंवा चहा करताना दिसला की त्यांची निराशा होते. शास्त्रात मात्र या पदाचा अर्थ पुष्कळच व्यापक आहे. स्नान, जेवण, शाळा, खेळ, मित्रांशी बोलणे, घरातील लहानसहान कामे, ज्या ज्या कृतींनी माणूस आपला दिवस भरून काढतो त्या सर्वांचा समावेश त्यात होतो. संस्कृतात व्यवसाय या शब्दाला निश्चय, नेटाचा प्रयत्न असाही अर्थ आहे. तो ध्यानात ठेवला तर ही संज्ञा वाटते तितकी गैरसोयीची नाही.

मनोविकारात दिवसाची घडी मोडते, आणि ती पुन्हा बसविण्याचे साधन म्हणजे प्रत्यक्ष कृती, हा विचार ॲडॉल्फ मायर या मानसोपचारज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मांडला. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या लयीत माणसाचे स्वास्थ्य असते आणि ही लय उपदेशाने येत नाही, ती करून पाहूनच येते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यापूर्वी पाच वर्षे, १९१७ च्या मार्च महिन्यात, न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या विषयाची पहिली संस्था स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांपैकी एलिनॉर क्लार्क स्लॅगल यांनी दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या मनोरुग्णांसाठी ‘सवयींचे शिक्षण’ ही पद्धत विकसित केली. उठण्यापासून निजेपर्यंतचा सर्व दिवस तीत आखलेला असे. आजचा व्यवसायोपचार त्या पद्धतीपासून बराच पुढे आला आहे. तरीही दिवस हेच उपचाराचे क्षेत्र, ही मूळ कल्पना कायम आहे.

भारतात या विद्येचा पाया मुंबईतच, परळ येथे घातला गेला. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने निंबकर कुटुंबातील झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली राजे एडवर्ड स्मारक, म्हणजेच के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली शाळा मानली जाते. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी निघालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक राष्ट्रांत भारताची गणना झाली. मुलांच्या मानसिक आरोग्याची परंपरा तर याहूनही जुनी आहे. टाटा समाजकार्य शाळेने १९३७ साली मुंबईत सुरू केलेले बालमार्गदर्शन केंद्र हे देशातील या प्रकारचे आद्य केंद्र होय. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही व्यवसायोपचाराचे शिक्षण देण्याची सोय झाली.

परळ आणि शीव या दोन ठिकाणांच्या मध्ये वडाळा येतो. पाच बागांभोवतीची पारशी वसाहत, बंदर कामगारांच्या चाळी, अँटॉप हिलच्या सरकारी वसाहती, कोकरी आगार आणि संगमनगर येथील दाट वस्ती अशी परस्परांपासून अगदी भिन्न जीवनमाने येथे काही फर्लांगांच्या अंतरात नांदतात. दीर्घकालीन रुग्णांच्या शुश्रूषेशीही या भागाचा संबंध जुना आहे, कारण ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० पासून येथेच उभे आहे. महानगरपालिकेच्या रुग्णालयात उपचार घ्यावयाचा झाल्यास वडाळ्यातील मुलाला शीव किंवा परळ गाठावे लागते. अंतर थोडे आहे. परंतु पंधरा वर्षांच्या ज्या मुलाने तीन महिने घराचा उंबरठा ओलांडलेला नाही, त्याला ते अंतर मोजून दाखविण्यात अर्थ नसतो.

अशा मुलांची संख्या किती, याचा एक अंदाज राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दिला आहे. १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. महानगरांत तेच १३.५ टक्के होते. हे सर्वच मुलगे-मुली रुग्णालयात दाखल करण्याजोगे असतात असे नव्हे. पण या वयातील आजाराचे एक वैशिष्ट्य असे की, तो जे हिरावून नेतो ते अजून मिळालेलेच नसते. प्रौढ रुग्ण बरा झाला म्हणजे आपल्या जुन्या नोकरीकडे, जुन्या घरगुती भूमिकेकडे परततो. निदान परतण्याजोगे काही असते. चौदाव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलीने स्वयंपाकघरात कधी एकटीने पाऊल टाकलेले नसते, एकटीने बसचा प्रवास केलेला नसतो, मैत्रिणीशी भांडून पुन्हा समेट करण्याची कला तिला अर्धीमुर्धीच अवगत असते. दोन वर्षांच्या आजारानंतर लक्षणे ओसरली तरी ही उणीव राहते, आणि दहावीची परीक्षा कोणासाठी थांबत नाही. म्हणून कुमारवयीनांचा व्यवसायोपचार हा पुष्कळ अंशी पुनर्वसनाचा नसून पहिल्यांदाच वसविण्याचा प्रकार असतो.

या कामात साहाय्यकाचे स्थान कोठे? अमेरिकेत साहाय्यकांच्या प्रशिक्षणाला व्यावसायिक संघटनेने १९५८ साली मान्यता दिली ती प्रथम मनोरुग्णालयांपुरतीच. सर्वसाधारण रुग्णालयांसाठी ती नंतर विस्तारली गेली. हा क्रम योगायोगाचा नव्हे. मोडलेल्या हाताच्या उपचाराला दिवसातून अर्धा तास पुरतो, पण मनोरुग्णाला सोबत हवी असते ती तासन्‌तास, आणि तेवढा वेळ देण्याइतके तज्ज्ञ कोणत्याच देशात नव्हते. मुंबईत ‘साहाय्यक’ असे स्वतंत्र पद सर्वत्र रुजलेले दिसत नाही. ते काम मात्र होतच असते, कधी प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांकडून, कधी हस्तकलेच्या शिक्षिकेकडून, कधी कक्षातील अनुभवी आया किंवा परिचारकाकडून. विद्यार्थी पाळीनुसार बदलतो, मुलाची ओळख जुळते न जुळते तोच दुसऱ्या विभागात जातो. आया टिकते, पण तिने जे पाहिले ते कोणी लिहून घेत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग अधिनियमाने व्यवसायोपचाराला कायद्याच्या चौकटीत आणले. तज्ज्ञाच्या हाताखालच्या माणसाचे शिक्षण, मर्यादा आणि नाव ठरविण्याचा प्रश्न तेवढ्याने आपोआप सुटत नाही.

मर्यादा तत्त्वतः स्पष्ट आहेत. मुलाची तपासणी, उद्दिष्टांची निश्चिती आणि उपचाराच्या आराखड्यातील बदल ही तज्ज्ञाची कामे होत. आराखड्याप्रमाणे कृती करवून घेणे, ती करताना मुलाला पाहणे आणि पाहिलेले तज्ज्ञाकडे पोचविणे हे साहाय्यकाचे काम. वरवर पाहता हे विभाजन सरळ दिसते. प्रत्यक्षात या मधल्या ‘करवून घेणे’ या दोन शब्दांत सगळे कसब सामावलेले असते, आणि त्याचा खुलासा एका उदाहरणानेच होऊ शकेल.

आश्विन महिन्यात पुष्कळ ठिकाणी आकाशकंदिलाचे काम काढले जाते. कंदील करणे म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधणे, पतंगाचा कागद मापाने कापणे, खळीने तो ताणून चिकटविणे आणि खाली झिरमिळ्या लावणे. आता तीव्र नैराश्यातून नुकत्याच सावरू लागलेल्या एखाद्या मुलीपुढे सांगाडा ठेवला, तर गाठ सैल पडून कामट्या निसटतील आणि आपल्याला काहीच जमत नाही या तिच्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळेल. तिला प्रथम झिरमिळ्या कापावयास दिल्या जातात. कागदाची पट्टी दुमडावी, कातरीने समांतर छेद द्यावेत, उलगडावी. एक पट्टी बिघडली तर दहा दुसऱ्या आहेत. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे काहीतरी तयार झालेले असते. दोन-चार दिवसांनी कागद चिकटविण्याचे काम येते. त्यात थोडा धीर लागतो, कारण खळ वाळेपर्यंत थांबावे लागते. माप घेण्याचे काम त्यानंतरचे, कारण तेथे चूक होऊ शकते आणि ती दिसून येते. सांगाडा अगदी शेवटी, आणि तोही दोघांनी मिळून, एकाने कामट्या धरावयाच्या व दुसऱ्याने दोरा गुंडाळावयाचा. दोघांत बोलणे होतेच, न होऊन चालत नाही. या मुलीला गटात बसवून ‘बोल’ असे सांगितले असते तर ती बोलली नसती.

चंचलतेचा विकार असलेल्या मुलाबाबत हाच क्रम उलटा लावावा लागतो. झिरमिळ्यांनी तो तिसऱ्याच पट्टीला कंटाळतो. त्याला सांगाडा द्यावा, उभे राहून काम करू द्यावे, पण प्रत्येक पायरी वेगळी सांगावी आणि समोर एका वेळी एकच वस्तू ठेवावी. भ्रम आणि भास यांनी ग्रासलेल्या मुलाला रंगांची निवड आणि घोळक्यातील गलका या दोन्हींचा त्रास होतो. त्याचे टेबल भिंतीकडेला, रंग दोनच, आणि काम ठरावीक वेळी सुरू होऊन ठरावीक वेळी संपणारे. वस्तू एकच, कंदील. त्यातून उपचार मात्र तीन निघाले. हे अंतर ज्याला उमगले नाही तो उत्तम हस्तकला-शिक्षक असूनही साहाय्यक होऊ शकत नाही. उलट, कंदील वाकडा झाला म्हणून घाईने तो स्वतःच नीट करून देणारा साहाय्यक मुलाच्या हातातला उपचारच काढून घेतो. प्रदर्शनासाठी सुबक वस्तू हव्यात या आग्रहापायी ही चूक सर्वत्र होते, आणि ती करणाऱ्याला बहुधा शाबासकीही मिळते.

कृतीची निवड करताना आणखी एक अडचण येते ती घरच्या अपेक्षांची. मुलीला भाकरी, चपाती, भांडी यांत गुंतवावे, म्हणजे ती ‘मार्गी लागेल’, असे पुष्कळ घरांतून सुचविले जाते. स्वयंपाकघर हे उपचाराचे फार चांगले स्थान आहे यात संशय नाही. चहा करण्यात क्रम, प्रमाण, विस्तवाची सावधगिरी आणि दुसऱ्याला पेला पुढे करण्याचा शिष्टाचार इतक्या गोष्टी एकत्र येतात. परंतु जे काम मुलीच्या आजाराचे एक कारणच होऊन बसलेले आहे, तेच औषध म्हणून देता येत नाही. मुलगे मात्र आधण कधी येते हे येथेच प्रथम पाहतात आणि त्यांना ते आवडते. अन्न टाळण्याच्या विकारात तर स्वयंपाकघरातील कोणतीही कृती तज्ज्ञाच्या स्पष्ट सूचनेवाचून काढू नये.

निरीक्षणाचे मोल येथपर्यंतच्या विवेचनात ओघाने आले, परंतु त्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. मानसोपचारज्ञ मुलाला भेटतात ती काही मिनिटे, तीही समोरासमोर बसून. साहाय्यक त्याला तासभर पाहतो, आणि मुलाचे लक्ष हातातील कामाकडे असल्यामुळे त्याचे वागणे अधिक स्वाभाविक असते. ‘मुलगा आज उदास होता, कामात रस नव्हता’ अशी नोंद निरुपयोगी होय, कारण ती साहाय्यकाच्या मनातील ठसा सांगते. ‘चाळीस मिनिटांत पाच वेळा उठला, प्रत्येक वेळी खिडकीपर्यंत जाऊन परत आला, बसल्यावर पाय सतत हलत होते, विचारल्यावर पायांत कसेतरी होते म्हणाला’ ही नोंद वेगळ्या मोलाची आहे. भ्रमावरील काही औषधांमुळे पायांत अशी असह्य तगमग उत्पन्न होते, की रुग्णाला एका जागी बसवत नाही. कक्षात तिला हूडपणा समजून मुलाला रागावले जाण्याचा, किंवा रोग बळावला असे समजून त्याच औषधाची मात्रा वाढण्याचा धोका असतो. लिथियम घेणाऱ्या मुलाचे हात कापू लागले तर ते सुईत दोरा ओवताना प्रथम कळते. औषधाने येणारी गुंगी कोणत्या वेळी गाढ असते, हे कातरकामाच्या वेगावरून समजते. अशी नोंद त्याच दिवशी तज्ज्ञाकडे आणि त्यांच्यामार्फत डॉक्टरांकडे गेली पाहिजे. आठवड्याच्या बैठकीपर्यंत ती राखून ठेवणे योग्य नव्हे.

हत्यारांची मोजदाद हा या खोलीतील सर्वांत रूक्ष आणि सर्वांत गंभीर भाग. किती कातरी, किती सुया, किती पट्ट्या बाहेर काढल्या आणि किती परत आल्या, याची वही असते. मोजणी पुरी झाल्याखेरीज कोणीही खोलीबाहेर जात नाही. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या कक्षात कामट्या आधीच तासून आणल्या जातात आणि टोके बोथट केली जातात. मुलांना या मोजणीचा राग येतो. ती सर्वांसमोर, रोज, एकाच पद्धतीने केली म्हणजे तो ओसरतो. एखाद्याच मुलावर नजर ठेवून ती केली तर मात्र तो अपमान ठरतो.

हात कामात असताना मुले बोलतात, आणि कधी कधी अशी गोष्ट बोलून जातात जी त्यांनी कोणापाशीही उच्चारलेली नसते. ‘ताई, कोणाला सांगणार नाही ना?’ हा प्रश्न त्या वेळी येतो. मुंबईत मुले साहाय्यकाला ताई किंवा दादा म्हणतात, आणि त्या नात्याचा ओघ ‘नाही सांगणार’ असे उत्तर देण्याकडे असतो. ते उत्तर देता येत नाही. जिवाला धोका किंवा अत्याचाराची गोष्ट असेल तर ती सांगावीच लागेल, कोणाला व कशासाठी हे आधी तुला कळेल, एवढेच आश्वासन खरे असू शकते. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्याने तर अशी माहिती कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. नात्याचे संबोधन स्वीकारावे, पण स्वतःचा दूरध्वनी क्रमांक देणे, घरी भेटीस जाणे, भेटवस्तू घेणे या गोष्टी टाळाव्यात, हे साहाय्यकांना वारंवार सांगावे लागते. ते निष्ठुरपणाचे वाटते खरे. तथापि ज्या मुलाला जवळची माणसे एकाएकी दुरावल्याचा अनुभव आहे, त्याला निभावता न येणारी जवळीक देणे अधिक निष्ठुर होय.

रुग्णालयातून घरी गेल्यावर उपचाराचा दुसरा आणि अधिक अवघड भाग सुरू होतो. वडाळा रोड स्थानकाचेच उदाहरण पुरेसे आहे. येथून हार्बर मार्गाला फाटा फुटतो. एक गाडी कुर्ल्यावरून नवी मुंबई व पनवेलकडे जाते, दुसरी किंग्ज सर्कल व माहीमवरून गोरेगावकडे. घोषणा नीट ऐकली नाही, फलक वाचला नाही, तर मुलगा भलत्याच दिशेला जाऊन पोचतो. निरोगी माणसाला हे सवयीने जमते. महिनोन्‌महिने घरात राहिलेल्या मुलाला गर्दी, आवाज, फलक आणि निर्णय हे सर्व एकाच क्षणी पेलावे लागते. म्हणून साहाय्यक त्याच्यासोबत प्रथम दुपारी, गर्दी नसताना, केवळ फलाटावर जाऊन बसतो. चार गाड्या कोठे जातात ते मुलाने सांगावयाचे आणि परत यावयाचे. पुढच्या वेळी तिकीट मुलाने काढावयाचे. मग एक स्थानक जाऊन परतावयाचे, साहाय्यक शेजारी. मग तोच प्रवास, साहाय्यक डब्याच्या दुसऱ्या टोकाला. कॉलेजला जाण्याइतकी तयारी होण्यास किती दिवस लागतील याचे कोष्टक देता येत नाही. कधी एका धक्काबुक्कीने दोन पायऱ्या मागे यावे लागते.

या सर्व विवेचनात एक प्रश्न उरतो आणि तो कायद्याचाही आहे. एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालयांत बागकाम, विणकाम, दळण अशी कामे रुग्णांकडून करवून घेतली जात आणि त्यांपासून होणारी बचत संस्थेच्या हिशेबात अभिमानाने दाखविली जाई. काम हितावह आहे हे तत्त्व तेव्हाही सांगितले जात होते. श्रम आणि उपचार यांतील सीमारेषा किती सहज पुसली जाते, हे त्या इतिहासावरून दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, संस्थेत काम करण्याची सक्ती होऊ नये आणि काम केल्यास योग्य मोबदला मिळावा हा हक्क रुग्णाला दिला आहे. अठरा वर्षांखालील रुग्णांना प्रौढांपासून वेगळे ठेवणे आणि पालकाने किंवा नामनिर्देशित प्रतिनिधीने त्यांच्यासोबत राहणे याच अधिनियमाने आवश्यक ठरविले. मुलगी दाखल असून प्रतिनिधी पुरुष असेल तर स्त्री परिचारिका सोबत असावी लागते. तेव्हा कुमारवयीनांच्या कक्षात आई किंवा मावशी बहुतेक वेळ हजर असते, आणि तिला स्वस्थ बसवून ठेवण्यापेक्षा झिरमिळ्या कापावयास देणारा साहाय्यक शहाणा म्हणावा लागेल.

मात्र कक्षातील चादरी घड्या घालण्याचे काम मुलांकडे सोपविले, तर ते उपचार की माणसांच्या तुटवड्यावरचा उपाय? त्या कृतीचे उद्दिष्ट त्या मुलाच्या आराखड्यात लिहिलेले आहे काय, तिची पायरी वाढत जाते काय, आणि मुलगा ‘आज नको’ म्हणाला तर ते चालते काय, या तीन गोष्टींवरून ते ठरते. दिवाळीपूर्वी रुग्णालयाच्या आवारात कंदील विकले जातात तेव्हा आलेल्या पैशाचा हिशेब मुलांसमोर मांडावा, साहित्याचा खर्च वजा करावा आणि उरलेली रक्कम ज्यांनी कंदील केले त्यांच्या हाती द्यावी. रक्कम क्षुल्लकच असते. ती मोजून घेताना, वाटणीवरून वाद घालताना आणि तिचे काय करावे हे ठरविताना मुले जे करतात, त्याचीही नोंद साहाय्यकाच्या वहीत त्या दिवशी व्हावयास हवी.